दिशाचक्रावरचा निळा दोरा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. फळ्याच्या उजव्या हाताला, खिळ्यांवर टांगलेला, तुम्ही रोज पाहता तो. काल तुमच्यातल्या एकाने गणिताच्या तासाला माझ्या अंगावरची भोकं मोजायला घेतली आणि तीनशे बाराला घंटा झाली. पुढे अजून बरीच आहेत. ही भोकं वाळवीने पाडलेली नाहीत, माणसांनी विचार करून पाडलेली आहेत. वाळवी भूक लागली म्हणून पाडते, तिला काही विचारता येत नाही. माणसांना विचारता येतं, म्हणून तुम्ही विचारलंत, ही भोकं कशाची आणि हा निळा दोरा कशाला, आणि म्हणून मला सांगणं भाग आहे.

वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की छाती काढून सांगतात. मी किती राबलो, मला कसं टाकून दिलं, वगैरे. माझ्या कहाणीतही राबणं आहे आणि टाकून देणंही आहे. पण मला जे सांगायचंय त्याची मला लाज वाटते, तेव्हा मधेच माझा आवाज बसला तर समजून घ्या.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड कागद, मागे सुती कापड, वर चकचकीत वार्निश. शहरांचे काळे ठिपके झाले, नद्यांच्या निळ्या रेघा झाल्या, डोंगर तपकिरी झाले आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात छापणाऱ्याने एक दिशाचक्र काढलं. आठ टोकांचं, सोनेरी शाईतलं, मधोमध बारीक फूल असलेलं. खरं तर वर उत्तर आणि खाली दक्षिण हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे दिशाचक्र हा निव्वळ दागिना. पण दागिना मिळाल्यावर तो कशाला, असं कोण विचारतं? मीही विचारलं नाही.

त्या दागिन्याखाली एक गाव दबलं. छापणाऱ्याला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चक्र कुठेतरी काढायचंच होतं आणि तिथे फारसं काही नव्हतं.

मित्रांनो, फारसं काही नव्हतं, म्हणजे तुम्ही.

मला एका विमान कंपनीने घेतलं आणि मार्ग आखणाऱ्या विभागात लावलं. कुठल्या गावाला विमान जाईल, कुठल्या गावाचं बंद होईल, हे त्या खोलीत ठरायचं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून विमानतळ दिसत नसे, गाड्या लावायची जागा दिसत असे. त्यामुळे तिथल्या लोकांना गाड्यांची चांगली माहिती होती आणि विमानं त्यांना माझ्यावर दिसत.

विभागातल्या सगळ्यात जुन्या कारकुनाने मला एका मऊ लाकडाच्या फळीवर ठोकलं. टाचण्या टोचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. त्यांनी माझ्या मधोमध एक लाल टाचणी खुपसली. ते मुख्य विमानतळ, ज्याला खात्यात हब म्हणत. मग एकेका शहरावर टाचणी आणि तिथून हबपर्यंत रंगीत दोरा. दोरा म्हणजे विमानाची फेरी. नव्या माणसाला ते हे सगळं उभ्या उभ्या समजावून सांगत.

"हे बघ, तीस गावं आहेत. प्रत्येकातून प्रत्येकाला विमान सोडायचं म्हटलं तर किती लागतील? हिशोब करू नकोस, डोकं दुखेल. त्यापेक्षा सगळ्यांना मधे बोलवायचं. सकाळी आठच्या सुमारास सगळी विमानं येतात, माणसं या विमानातून उतरून त्या विमानात बसतात, नऊच्या सुमारास सगळी सुटतात. लाट येते, लाट जाते. संध्याकाळी पुन्हा तसंच."

"आणि एखादं उशिरा आलं तर, काका?"

"पाऊण तास हातात नसेल तर पुढचं विमान चुकतं. मग ती माणसं तिथे बसून संध्याकाळच्या लाटेपर्यंत चहा पितात आणि आपल्या नावाने बोटं मोडतात. म्हणून लहान गावालाही सकाळच्या लाटेत उतरायला जागा लागते. एक दोरा मिळाला की त्याला तीस गावं मिळतात. आणि तो एक तुटला, की तीसही जातात."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू म्हणायचे. मी ऐकायचो आणि विसरायचो.

प्रवासी दाखवायला कागदी झेंड्या होत्या. आठवड्याला दहा माणसं म्हणजे एक झेंडी. हबला फक्त विमान बदलणाऱ्यांची झेंडी टाचणीकाका अगदी मधे लावायचे, दोन दोऱ्यांच्या सांध्यावर. म्हणजे बघणाऱ्याला कळायचं की ही माणसं या दोऱ्याने आली आणि त्या दोऱ्याने गेली. दोन्ही दोऱ्यांना त्यांचं श्रेय. माझ्या मधोमध त्यामुळे कायम झेंड्यांची जत्रा असे.

मला ते आवडायचं नाही. मी देखणा होतो, हे तुम्हाला आता पटणार नाही. कंपनीत कुणी पाहुणे आले की मोठे साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, त्यांना पहिल्यांदा माझ्यासमोर आणत. पाहुणे "वा" म्हणत. मोठे साहेब जणू सगळे दोरे त्यांनीच कातले आहेत अशा थाटात मान लववत. त्या "वा"ची मला चटक लागली. मधली गर्दी आणि एक निळा दोरा एवढी दोनच गालबोटं मला वाटत.

निळा दोरा तुमच्या गावाचा. गाव छापलेलंच नव्हतं, तेव्हा टाचणीकाकांनी अंदाजाने दिशाचक्राच्या फुलात टाचणी मारली आणि दोरा सोनेरी टोकांवरून तिरका वर नेला. कुणी नटून बसावं आणि त्याच्या तोंडावरून कुणी कपडे वाळत घालायची दोरी बांधावी, तसं मला झालं.

टाचणीकाका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी माझ्या मधल्या भागावर अंगठा दाबून पाहिला. "साहेब, मागचं लाकूड बदला. भुसा झालाय नुसता. टाचणी धरत नाही आता."

"मागवू नवी फळी," मोठे साहेब म्हणाले आणि काकांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. फुलं वाळली, फळी काही आली नाही.

मग झेंड्या पडायला लागल्या. सकाळी दार उघडलं की खाली पाचसहा पडलेल्या. विभागात एक हुशार गृहस्थ होते. कुठल्याही प्रश्नाला ते सरासरी काढून उत्तर देत, म्हणून त्यांचं नावच सरासरी पडलं होतं. त्यांनी तोडगा काढला.

"मधे लावूच नका. माणसाच्या तिकिटावर जिथे जायचं लिहिलंय, त्या टोकाला लावा. जाऊन-येऊन तिकीट एकच, झेंडी एकच. एक माणूस दोनदा मोजला जायची भानगडच नको."

सगळ्यांना पटलं. खूप वैज्ञानिक वाटलं. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये याची सगळ्यांनी काळजी घेतली. तो जिथून निघाला तिथे एकदा तरी दिसावा, ही काळजी कुणाच्याच कामात बसत नव्हती. माझं काळीज भुसभुशीत झालं म्हणून नियम बदलला आणि मी मात्र खूश, की मधली जत्रा हटली आणि आपण पुन्हा सुबक दिसायला लागलो.

निळ्या दोऱ्यावर तोवर एकवीस झेंड्या मोजल्या जायच्या. नव्या नियमाने सोळा निघाल्या आणि दुसऱ्या शहरांवर जाऊन बसल्या. त्यातल्या अकरा एकट्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, मोठ्या इस्पितळांच्या शहरावर. निळ्या दोऱ्यावर उरल्या पाच, बाहेरून तुमच्या गावाला येणाऱ्यांच्या.

टाचणीकाकांच्या जागी एक बाई आल्या होत्या. दोरे त्या बदलायच्या, म्हणून दोरेताई. ताई तुमच्याच गावच्या. त्यांची आई इथे, तुमच्या बाजारातल्या गल्लीत, चाळीस वर्षं शिवणकाम करायची. तुमच्यातल्या काहींच्या आजोबांचे लग्नातले कोट तिच्या हातचे आहेत. माझे सगळे दोरे तिच्या दुकानातून यायचे, कारण ऑफिसने मागवलेले दोरे उन्हाने चार महिन्यांत विटायचे आणि तिचे विटत नसत. निळा तर तिनेच निवडून दिलेला. "आपल्या गावाला चांगला पक्क्या रंगाचा घे," असं म्हणून.

दर मंगळवारी दुपारी ताई आईला फोन लावायची. हातात दोरा-कात्री असायची, त्यामुळे फोन टेबलावर, आवाज मोठा. म्हणून मला सगळं माहीत आहे.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला दुखणं होतं. महिन्यातून एकदा इस्पितळांच्या शहरात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. ते वेळेवर घेतलं तर दिसणं टिकतं. चुकलं तर कडेचं दिसत राहतं आणि मधलं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. सकाळी सातच्या आत इथून विमान, आठला हब, नऊला पुढचं, साडेदहाला डॉक्टर, संध्याकाळच्या लाटेने घरी. रात्रीच्या जेवणाला आपल्या टेबलाशी.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, सुईत दोरा ओवता येतो तोवर काळजी करू नका. मी म्हटलं, डॉक्टर, मी अजून पहिल्या झटक्यात ओवते, तुमच्या नर्सबाईंना जमतं का बघा."

"प्रवास नीट झाला?"

"झाला. पण आठ महिने झाले, एकदाही खिडकी मिळाली नाही गं मला. भरलेलं असतं विमान."

"आई, तू एक दिवस जातेस महिन्यातून. तेवढ्यावरून भरलेलं म्हणायचं नसतं."

"बरं बाई. नसतं तर नसतं."

टेबलापलीकडून सरासरी हसले. "ताई, सरासरीने बघायला गेलं तर कुणाचीच आई खिडकीशी बसत नाही."

हंगाम बदलायच्या आधी बैठक झाली. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका सुट्टीच्या शहराला नवी फेरी सुरू करायची होती. त्यासाठी एक लहान विमान हवं होतं आणि सकाळच्या लाटेत उतरायला एक जागा. दोन्ही आकाशातून पडणार नव्हती. कुठला तरी एक दोरा काढायचा होता. मोठे साहेब हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहिले. शेजारच्या कपाटात कागदांचे गठ्ठे होते, त्यात सगळे आकडे होते. पण कागद वाचावे लागतात आणि माझ्याकडे नुसतं बघितलं तरी चालतं.

"हा खालचा कुठला? चक्रावरून जातोय तो?"

"माझं गाव आहे, साहेब," दोरेताई म्हणाली. "म्हणून मी यात काही बोलत नाही."

"अहो, उलट तुम्हीच बोला. तुम्हाला आतली माहिती."

"आतली माहिती बाहेर ठेवून बसलेय मी. उद्या कुणी म्हणायला नको, स्वतःच्या गावाचं विमान वाचवलं. झेंड्या पाच आहेत, एवढंच सांगते."

"आणि तो खाणीच्या गावाचा?"

"नऊ," सरासरी म्हणाले.

"मग झालं की. प्रश्न कुठे आहे?"

ताईने तोंड उघडलं होतं. माझ्या समोरच बसली होती, मी पाहिलं. पण "माझी आई म्हणते" अशी सुरुवात असलेलं वाक्य त्या खोलीत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. तिने तोंड मिटलं.

आता तो भाग येतो, मित्रांनो, जो मी दहा वेळा मनात म्हणून पाहिला आणि दहाही वेळा गाळला.

टाचणी काढायला ताईच उठली. माझं मधलं लाकूड भुसा झालं होतं, पण कोपऱ्यातलं अजून टणक होतं. दिशाचक्राच्या फुलात रुतलेली ती टाचणी तिने ओढली, ती निघेना. तिने पुन्हा ओढली. निघेना. ती थांबली. बोट दुखलं म्हणून थांबली की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. आणखी एकदा मी धरून ठेवलं असतं तर कदाचित ती मागे वळली असती आणि म्हणाली असती, साहेब, एकदा कागद बघू या. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की हा दोरा गेला की माझं सोनेरी चक्र मोकळं होईल. तिसऱ्या वेळी मी अंग सैल सोडलं.

टाचणी निघाली. दोरा गुंडाळून ताईने ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि मला आनंद झाला. हे सांगायचं होतं.

समुद्राच्या शहराचा नवा दोरा माझ्या उजव्या कडेने सरळ, डौलात खाली गेला. पाहुण्यांनी दोनदा "वा" म्हटलं. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आला, दिशाचक्रासकट. तीन महिन्यांनी सरासरींनी अहवाल लिहिला की त्या लहान गावाहून गेल्या तिमाहीत एकही प्रवासी आलेला नाही, यावरून तिथे मागणी नव्हती हे सिद्ध होतं. विमान नसताना विमानाने कुणी आलं नाही, याची त्यांना पक्की खात्री होती, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

फक्त एक गंमत झाली. इस्पितळांच्या शहरावरच्या झेंड्या तिसावरून एकोणीस झाल्या.

"तिथले डॉक्टर सोडून गेले की काय?" मोठे साहेब म्हणाले.

"लोक बरे झाले असतील," सरासरी म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

ताई मंगळवारी फोन करतच होती. डॉक्टरांकडे जाऊन आलीस का, असं विचारायची. "जाऊन आले," असं उत्तर यायचं. कशी गेलीस? "बसने. मजेत." मग दुसरा विषय.

एक दिवस पार्सल आलं. ताईने नव्या फेऱ्यांसाठी आईकडे निळ्या दोऱ्याची रिळं मागवली होती. तिने खोकं उघडलं, एक रीळ काढलं आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. मग दुसरं काढलं. मग सगळी टेबलावर ओतली. सगळी काळी होती.

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईने निळा म्हणून काळा पाठवला होता.

त्या दिवशी मंगळवार नव्हता. तरी तिने फोन लावला.

"आई, निळा सांगितला होता."

"निळाच आहे की."

"काळा आहे."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. "दुकानातला दिवा गेलाय. बदलायचाय."

"दुपारचे बारा वाजलेत, आई."

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.

"डॉक्टरांकडे शेवटची कधी गेली होतीस?"

"जाते की."

"कधी?"

"अगं, दोनदा गेले बसने. तेरा तास जायला, तेरा यायला. नंतर दोन दिवस मान वर होत नाही. तिसऱ्या खेपेला म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. मग पुढचा महिना आला. त्याला काय, तो येतोच."

"आणि मला सांगत होतीस, जाऊन आले."

"तू तरी काय करणार होतीस? कामच तुझं ते. मुलीचं काम आणि आईची कटकट, असं नको म्हटलं. आणि मी एकटीच आहे का? पोस्टातले काका गुडघ्यासाठी जायचे. बेकरीवाल्याचा भाऊ दर आठवड्याला मूत्रपिंडासाठी. मुख्याध्यापकांची सून बाळाला घेऊन. अख्खं विमान आमचंच असायचं. आता सगळे घरी बसलेत."

"सगळे कुठे जायचे, आई? हबला?"

"हबला कोण उतरतंय? तिथे आमचं काय ठेवलंय? सगळे पुढे. इस्पितळाला."

ताई माझ्याकडे वळली. आजवर माझ्याकडे पुष्कळ लोकांनी पाहिलं होतं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. तिने इस्पितळांच्या शहरावर बोट ठेवलं आणि झेंड्या मोजल्या. एकोणीस. मग रिकाम्या दिशाचक्राकडे पाहिलं. मग कपाटातले कागद काढले, जे त्या बैठकीच्या दिवशी काढायला हवे होते. दहा मिनिटं लागली. फक्त दहा.

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. कागद वाचून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "चूक झाली खरी. पण सकाळची जागा आपण देऊन बसलो. नवा हंगाम येईपर्यंत लाटेत शिरायला मिळायचं नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. सात महिने." आणि मग, जरा चिडून, "तुमचं गाव होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"माझं गाव होतं म्हणूनच, साहेब."

आईला तिने सगळं सांगितलं. फोन टेबलावर होता, पण आवाज लहान होता. तरी आईचा आवाज दमदार, मला आला.

"म्हणजे मला मोजलं होतं, पण तिकडे."

"हो."

"मग मी तिकडेच राहायला हवं होतं. इथे उगाच चाळीस वर्षं घालवली."

ताई हसली आणि मग तिने फोन कानाला लावला.

पुढचे सात महिने ती दर महिन्याला रजा काढून इथे यायची आणि आईला बसने घेऊन जायची. उजवा डोळा बऱ्यापैकी वाचला. डाव्याचं मधलं तोवर गेलं होतं. सात महिन्यांनी निळा दोरा परत आला, आठवड्यातून तीन दिवस. ताईने टाचणी पुन्हा त्याच भोकात घातली आणि त्या दिवसापासून झेंड्या दोन्ही टोकांना लागायला लागल्या. एक माणूस दोनदा दिसायला लागला. आकाश काही कोसळलं नाही.

मला मात्र पुन्हा कुणी "वा" म्हणालं की कापड आक्रसायचं.

मग खोलीत मोठा पडदा आला. त्यावर विमानं आपोआप सरकतात, झेंड्या आपोआप लागतात. मला उतरवलं, मऊ फळी मोडीत गेली, मला गुंडाळून जिन्याखाली ठेवलं. तिथे मी दोन वर्षं होतो. कोळ्यांनी जाळी विणली, एकदा गळक्या पाइपाने माझी एक कड भिजवून फाडली. कहाणीच्या या भागात वस्तू सहसा रडतात. मी रडलो नाही. मला वाटलं, बरोबर आहे.

ताईने मला शोधून काढलं आणि इथे शाळेत द्यायला घेऊन निघाली. मित्रांनो, जन्मभर विमानांच्या जिवावर जगलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदा विमानात बसलो. बसलो म्हणजे शेवटच्या रांगेमागे उभा होतो. विमान भरलेलं होतं. ताईला खिडकी मिळाली नाही.

शाळेने माझ्यासाठी नवी फळी करून ठेवली होती. खिळे ठोकायच्या आधी मला तुमच्या वर्गातल्या चार बाकांवर पसरलं आणि माझी फाटकी कड शिवायला ताईची आई आली. तुमच्यातले पुढच्या बाकांवरचे तेव्हा होते, तुम्ही पाहिलंय. सुई तिला ताईने ओवून दिली. तिने ती मागितली नाही, ताईने न विचारता दिली. नंतर तिने बोटांनी चाचपत सगळी कड शिवली, टाका सरळ, अंतर सारखं. जिच्या बाबतीत मी अंग सैल सोडलं होतं ती माझं अंग शिवत होती. तिला ते ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

"आपलं गाव कुठे आहे यात?" तिने विचारलं.

"छापलेलं नाहीये, आई. त्याच्यावर दिशाचक्र आहे." ताईने तिचं बोट धरून सोनेरी फुलातल्या भोकावर ठेवलं.

"एवढंसं?" बोट तिथेच फिरत राहिलं. मग बाजूच्या भोकांवर, मग त्याच्या बाजूच्या. "बिचारा. किती टोचलंय याला सगळ्यांनी."

ती बिचारा म्हणाली. मला. भोकं माझ्या अंगावर शेकड्याने आहेत, पण त्या एका शब्दाएवढं खोल काही गेलेलं नाही.

तिचा हात माझ्या मधोमध आला, जिथे हब होतं. तिथे आता कागदही नाही आणि कापडही नाही, मुठीएवढी मोकळी जागा आहे. ती थबकली. मान तिरकी करून, कडेच्या नजरेने, बराच वेळ बघत राहिली.

"अगं, हे मला दिसत नाहीये, की इथे खरंच काही नाहीये?"

"खरंच काही नाहीये, आई."

"हां," ती म्हणाली आणि शेवटची गाठ मारली. "मग ठीक आहे."

तुमचे गुरुजी विचारत होते, तिथे ठिगळ लावायचं का. ती म्हणाली, राहू द्या, माझ्यासारखाच आहे तो. तेवढ्यात ताईने पिशवीतून जुना निळा दोरा काढला, ड्रॉवरमधला, आणि टाचणी.

तर मित्रांनो, तो दोरा तिथे का आहे आणि माझं सुंदर चक्र त्याने का झाकलंय, हे तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर हे. मला दुमडू नका, ओल्या हाताने पुसू नका, एवढी विनंती कुठलाही नकाशा करेल, मीही करतो. माझी आणखी एक आहे. तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन अशाच एखाद्या खोलीत बसेल, समोर एखादं सुबक चित्र असेल, आणि कुणीतरी बोट दाखवून म्हणेल की इथून कुणी जात-येत नाही. तेव्हा उठून कपाट उघडा. आणि कपाट उघडायच्या आधी, ज्यांना कधी खिडकी मिळत नाही अशा कुणाला तरी फोन लावा. "माझी आई म्हणते" असं म्हणायची लाज वाटली, तर माझी आठवण काढा. लाज कशाची वाटायला हवी, ते मला विचारा.

आणि मधल्या सुट्टीत तुम्ही त्या टाचणीशी खेळता, ओढून बघता, ते मला कळतं. खुशाल ओढा. एकदा ओढा, दोनदा ओढा.

तिसऱ्यांदाही मी सोडणार नाही.